कार्कळचा वकील, न मिळालेले अकरा महिने आणि लोकसभेची खुर्ची

हिशोब सरळ होता. सरन्यायाधीश एस. एम. सिक्री एप्रिल १९७३ मध्ये निवृत्त होणार. त्यांच्यामागे ज्येष्ठतेने जे. एम. शेलत, पण त्यांची पासष्ट वर्षे जुलैमध्ये भरत होती, म्हणजे त्यांच्या वाट्याला जेमतेम अडीच महिने. त्यानंतर के. एस. हेगडे. जन्म ११ जून १९०९, म्हणजे जून १९७४ पर्यंत जवळपास अकरा महिने ते देशाचे सरन्यायाधीश राहिले असते. न्यायालयात काम करणाऱ्या कोणालाही हा हिशोब पाठ असतो. कोण कधी निवृत्त होतो आणि कोणाचा नंबर लागतो, हे वकिलांच्या खोलीत चहाबरोबर बोलले जाते.

२५ एप्रिल १९७३ ला संध्याकाळी आकाशवाणीने बातमी दिली की नवे सरन्यायाधीश ए. एन. राय असतील. शेलत, हेगडे आणि ए. एन. ग्रोव्हर या तिघांना ओलांडून चौथ्याला पद दिले गेले. आदल्याच दिवशी, २४ एप्रिलला, केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला होता. संसदेला घटनेचा मूळ गाभा बदलता येतो का, हा त्यातला प्रश्न. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा; सातांनी नाही म्हटले. डावललेले तिघेही सातांत होते, राय सहांत होते.

तिघांनीही राजीनामे दिले. हेगडेंचा राजीनामा ३० एप्रिलचा. मला या प्रकरणात जास्त विचारात पाडते ते त्या आठवड्याच्या आधीचे आणि नंतरचे. हा माणूस वकिलीतून खासदारकीत गेला, खासदारकीतून न्यायासनावर आला, न्यायासन सोडून पुन्हा निवडून आला आणि शेवटी लोकसभेचा अध्यक्ष झाला. वकील, न्यायाधीश आणि विधिमंडळ यांमधली दारे त्याने दोन्ही बाजूंनी ओलांडली. अशा माणसाबद्दल आपण काय म्हणायचे, हे त्याच्या एकाच कृतीवरून ठरत नाही.

मूळ गाव कावडूर, तालुका कार्कळ, जिल्हा दक्षिण कन्नड. तेव्हा हा सगळा मुलूख मद्रास इलाख्यात. कार्कळच्या बोर्ड हायस्कुलात शिक्षण, मग मंगळूरचे सेंट अलॉयशियस कॉलेज, पुढे मद्रासला प्रेसिडेन्सी कॉलेज आणि लॉ कॉलेज. १९३०च्या दशकात वकिली सुरू केली आणि १९३५ च्या सुमारास काँग्रेसमध्ये गेले. १९४७ ते १९५१ ते सरकारी वकील आणि पब्लिक प्रॉसिक्यूटर होते.

या भागातली वकिली कशी असते, हे कोकणातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे खोत आणि कूळ, तिकडे मूलगेणी आणि चालगेणी. मूलगेणी म्हणजे कायमचा पट्टा, चालगेणी म्हणजे मालकाच्या मर्जीवरचे कूळ. त्याच्या जोडीला अळियसंतान, म्हणजे मामाकडून भाच्याकडे जाणारा वारसा. दक्षिण कन्नडच्या बंट समाजात वाटणीचे दावे याच कायद्याने चालत, आणि हेगडे स्वतः त्याच समाजातले. जमीन कोणाची आणि ताबा कोणाचा, या दोन प्रश्नांवर पिढ्यान् पिढ्या कोर्टाची पायरी चढणारी माणसे हे तिथल्या वकिलाचे रोजचे जग. पुढे ज्या केशवानंद खटल्यात हेगडेंनी मालमत्तेचा हक्क, जमीन सुधारणा आणि संसदेचा अधिकार यांवर लिहिले, त्या खटल्याचा अर्जदार होता एडनीर मठाचा स्वामी. एडनीर कासरगोडजवळ, आणि १९५६ ची राज्यपुनर्रचना होईपर्यंत कासरगोड हा दक्षिण कन्नडचाच तालुका होता. देशाची घटना ज्या दाव्यावर तोलली गेली तो दावा हेगडेंच्या जुन्या जिल्ह्यातल्या जमिनीवरून उठला होता. हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण दिल्लीतल्या त्या दालनात अशी जमीन आणि अशी कुळे जवळून पाहिलेला एक माणूस बसला होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

१९५२ मध्ये ते मद्रास राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळातही होते. आणि ऑगस्ट १९५७ मध्ये राज्यसभेचा राजीनामा देऊन ते थेट म्हैसूर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

इथे थांबायला हवे. हेगडेंबद्दल लिहिणारे अनेकजण हा टप्पा एका ओळीत उरकतात. केंद्रात काँग्रेस, राज्यात काँग्रेस, आणि काँग्रेसचा विद्यमान खासदार उच्च न्यायालयावर. आज असे घडले तर आपण काय म्हणू? मी तरी आक्षेप घेईन. घटनेने त्याला मनाई केलेली नाही. उच्च न्यायालयासाठी दहा वर्षांची वकिली पुरते आणि हेगडेंची त्याच्या दुप्पट होती. तरीही पक्षकाराच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे: माझा दावा सरकारशी आहे आणि समोर बसलेला कालपर्यंत सरकारी बाकावर होता. ही शंका बिनबुडाची नव्हती. ती खोटी ठरली ती त्यांच्या निकालांमुळे. म्हणून नेमणुकीची पद्धत चांगली होती असे ठरत नाही. एक चांगला माणूस निघाला म्हणून दार उघडे ठेवावे, हा युक्तिवाद मला पटत नाही.

१९६६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालय स्थापन झाले आणि हेगडे त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. जुलै १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले. तिथली सहा वर्षे म्हणजे सरकार आणि न्यायालय यांच्या झगड्याचा ऐन काळ. १९७० साली बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा न्यायालयाने दहा विरुद्ध एक असा रद्द केला, त्यातले विरोधी मत एकट्या राय यांचे. त्याच वर्षी संस्थानिकांच्या तनख्यांच्या खटल्यात सरकार पुन्हा हरले. दोन्ही वेळा हेगडे सरकारच्या विरोधात गेलेल्या बहुमतात होते.

मात्र त्यांचा मला सर्वात मोलाचा वाटणारा निकाल या गाजलेल्यांतला नाही. तो आहे १९६९ चा क्रायपाक खटला. जम्मू-काश्मीरमध्ये भारतीय वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक पदसिद्ध म्हणून बसले, आणि तेच गृहस्थ स्वतः उमेदवारही होते. यादी आली तेव्हा त्यांचे नाव पहिले. सरकारचे म्हणणे असे की त्यांच्या स्वतःच्या नावाचा विचार झाला तेव्हा ते चर्चेत नव्हते, आणि निवड हे काही न्यायदानाचे काम नाही, ते प्रशासकीय काम आहे, तिथे नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लावू नका.

हेगडेंनी पाच न्यायाधीशांच्या पीठासाठी लिहिलेल्या निकालात दोन्ही बचाव उडवून लावले. प्रशासकीय आणि न्यायिक कामांमधली रेघ पुसट होत चालली आहे, आणि दोन्हींचा हेतू न्याय्य निर्णयाला पोचणे हाच असेल तर नियम एकाला लावायचे आणि दुसऱ्याला नाही याला अर्थ नाही, असे त्यांनी म्हटले. स्वतःच्या नावापुरते बाहेर गेले तरी प्रतिस्पर्ध्यांच्या नावांवर चर्चा होताना ते मंडळात होतेच, क्रम लावतानाही होते. माणूस पक्षपाती होता का, हे मनात शिरून पाहता येत नाही. परिस्थिती अशी होती का की पक्षपाताची वाजवी शक्यता दिसावी, एवढेच पाहायचे. आज नगरपालिकेच्या नोटिशीपासून विद्यापीठाच्या निवड समितीपर्यंत कुठलाही आदेश आव्हानाखाली आला की वकील क्रायपाकचा दाखला देतात. हा निकाल लक्षात ठेवा, पुढे तो त्यांच्याच वाटेत येतो.

दुसरा निकाल १५ मार्च १९७२ चा, आणि त्यावर फार कमी लिहिले जाते. इंदिरा गांधींच्या १९७१ च्या रायबरेलीच्या निवडणुकीविरुद्ध राजनारायण यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्यातला, त्यांच्या प्रचारात काम केलेले सरकारी अधिकारी यशपाल कपूर यांच्याबद्दलचा भाग आणि त्यावरचा मुद्दा चौकशीतून गळण्याच्या बेतात होता. प्रकरण अपिलात वर आले. हेगडे, जगन्मोहन रेड्डी आणि के. के. मॅथ्यू यांच्या पीठासाठी हेगडेंनी निकाल लिहिला आणि तो मुद्दा पुन्हा जिवंत केला: इंदिरा गांधींनी १ फेब्रुवारी १९७१ च्या आधीपासूनच स्वतःला उमेदवार म्हणून पुढे केले होते का, आणि केले असल्यास कोणत्या तारखेपासून. ज्यांनी दिवाणी कोर्टात काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की खटल्याचे निम्मे भवितव्य मुद्दे काढतानाच ठरते. जो मुद्दा निघालाच नाही त्यावर पुरावा येत नाही. १२ जून १९७५ ला न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हांनी निवडणूक रद्द केली, तेव्हा ज्या कारणांवर केली त्यात हाच तारखेचा मुद्दा आणि हेच यशपाल कपूर होते.

आपल्याला डावलण्यामागे हा निकाल होता, असे हेगडे स्वतः मानत. ते खरे असेल किंवा नसेल. सरकारने उघडपणे दिलेले कारण वेगळे होते.

ते कारण नीट ऐकून घ्यायला हवे, कारण ते अगदीच पोकळ नव्हते. पोलादमंत्री मोहन कुमारमंगलम स्वतः नामांकित वकील. २ मे १९७३ ला लोकसभेत त्यांनी सरकारची बाजू मांडली. विधी आयोगाच्या १९५८ च्या चौदाव्या अहवालानेच म्हटले होते की सरन्यायाधीश निव्वळ ज्येष्ठतेने नेमू नये. त्यापुढे जाऊन ते म्हणाले की न्यायाधीशाचे सामाजिक तत्त्वज्ञान, त्याचा दृष्टिकोन पाहण्याचा सरकारला अधिकार आहे. पहिला भाग खरा होता. पण त्या आयोगाचे अध्यक्ष होते मोतीलाल सेटलवाड आणि सदस्यांत एम. सी. छागला. दोघेही मुंबईचे, दोघेही तेव्हा हयात, आणि दोघांनीही या नेमणुकीला जाहीर विरोध केला. प्रशासनाची कुवत पाहा, असे आयोगाला म्हणायचे होते. आपल्या बाजूने निकाल देईल असा माणूस पाहा, असे म्हणायचे नव्हते. अशाने दूरदृष्टीचे न्यायाधीश मिळणार नाहीत, सरन्यायाधीशपदाकडे दृष्टी लावून बसलेले न्यायाधीश मिळतील, अशा अर्थाचे माजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचे वाक्य तेव्हा देशभर गाजले. त्यांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले होते. डावलणे हा तिघांवरचा अन्याय होताच, पण इशारा मागे उरलेल्यांना होता.

कायदामंत्री होते हरी रामचंद्र गोखले. हेगडेंच्या प्रकरणाशेजारी त्यांचे प्रकरण ठेवून पाहावे असे मला वाटते. गोखले मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, पुन्हा वकिली केली, १९७१ मध्ये वायव्य मुंबईतून लोकसभेवर निवडून आले आणि मंत्री झाले. म्हणजे १९७३ च्या त्या आठवड्यात डावलला गेलेला आणि डावलणाऱ्या सरकारचा कायदामंत्री, दोघेही वकील, न्यायाधीश आणि खासदार. फरक राज्यघटनेतल्या दोन कलमांत आहे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश पद सोडल्यावर सर्वोच्च न्यायालयात आणि इतर उच्च न्यायालयांत वकिली करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला कलम १२४ च्या सातव्या उपकलमाने देशातल्या कोणत्याही न्यायालयात उभे राहता येत नाही. गोखलेंनी राजीनामा दिला तेव्हा काळा कोट त्यांची वाट पाहत होता. हेगडेंनी दिला तेव्हा तो कायमचा खुंटीला लागला.

त्रेसष्टाव्या वर्षी एखाद्याने असे पद सोडणे म्हणजे काय, हे या कलमाशिवाय कळत नाही. पद सोडायचे आणि ज्या धंद्यात आयुष्य गेले त्यातही परत जायचे नाही. उरतात सल्ला, लवाद, व्याख्याने. आणि निवडणूक, कारण तिला घटनेची मनाई नाही.

चार वर्षे गेली. आणीबाणी आली आणि गेली. जानेवारी १९७७ मध्ये न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनाही डावलले गेले आणि त्यांनीही राजीनामा दिला. मार्चच्या निवडणुकीत हेगडे जनता पक्षातर्फे बंगळूर दक्षिणमधून उभे राहिले. उत्तरेत काँग्रेसचा धुव्वा उडाला, पण कर्नाटकात उलट: २८ पैकी २६ जागा काँग्रेसने घेतल्या. उरलेल्या दोनांतली एक हेगडेंची. वाऱ्याबरोबर कोणीही निवडून येतो, ते राज्यातल्या वाऱ्याच्या विरुद्ध निवडून आले. त्याच निवडणुकीत वायव्य मुंबईत राम जेठमलानींनी गोखलेंचा पराभव केला.

न्यायाधीशाने निवडणूक लढवावी का? १९६७ मध्ये सुब्बा राव सरन्यायाधीशपदाचा राजीनामा देऊन विरोधकांतर्फे राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, तेव्हाही हा प्रश्न आला होता. १९८३ मध्ये बहारुल इस्लाम निवृत्तीला काही आठवडे असताना सर्वोच्च न्यायालयातून बाहेर पडले आणि सत्तारूढ पक्षातर्फे राज्यसभेत गेले, तेव्हा तो जास्त टोकदार झाला. माझे मत असे की दार कोणी उघडले, हे पाहावे. ज्या सरकारचे खटले कालपर्यंत आपल्यासमोर चालत होते त्याच सरकारने दिलेली जागा घेणे ही एक गोष्ट. चार वर्षे सत्तेबाहेर राहून, सत्ताधाऱ्यांच्या विरोधात, मतदाराकडे जाणे ही दुसरी. हेगडेंची १९५७ ची नेमणूक पहिल्या प्रकाराच्या जवळची होती, १९७७ ची निवडणूक दुसऱ्या. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही आहेत, म्हणून तर हे प्रकरण अभ्यासावे.

लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांनी राष्ट्रपतिपदासाठी ते पद सोडले आणि २१ जुलै १९७७ ला हेगडे लोकसभेचे अध्यक्ष झाले. चारच महिन्यांत ज्या प्रश्नाने त्यांची खरी परीक्षा होणार होती तो दारात आला. नोव्हेंबर १९७७ मध्ये पुण्याचे मधु लिमये आणि कंवरलाल गुप्ता यांनी हक्कभंगाचा प्रश्न उपस्थित केला. आरोप असा की मारुती कंपनीबद्दल संसदेत विचारलेल्या प्रश्नाची माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना इंदिरा गांधींनी पंतप्रधान असताना अडवले, त्रास दिला. नियमानुसार अध्यक्षांच्या संमतीशिवाय असा प्रश्न सभागृहात येत नाही. तो आला आणि हक्कभंग समितीकडे गेला. दरम्यान नोव्हेंबर १९७८ मध्ये इंदिरा गांधी चिकमगळूरमधून निवडून आल्या. कार्कळहून घाट चढला की चिकमगळूर जिल्हा लागतो. १९ डिसेंबर १९७८ ला लोकसभेने त्यांचे सदस्यत्व रद्द केले आणि अधिवेशन संपेपर्यंत त्यांना तुरुंगात पाठवले. बाजूने २७९, विरोधात १३८.

खुर्ची हेगडेंची होती.

त्यांच्या बाजूने म्हणण्यासारखे बरेच आहे. चौकशी समर गुहा यांच्या समितीने केली. प्रस्ताव पंतप्रधान मोरारजी देसाईंचा. निर्णय सभागृहाचा. अध्यक्ष समसमान मते पडली तरच मत देतो, त्यामुळे त्यांच्या मताचा प्रश्नच आला नाही. सभागृहाने ठरवल्यावर त्याचा आदेश अंमलात आणणे हे अध्यक्षाचे कर्तव्य, त्याला तिथे निवड नसते. आणि कोणी म्हणेल की इंदिरा गांधींच्या सरकारची झळ लागलेल्या प्रत्येकाला बाजूला काढायचे तर त्या सभागृहात उरले किती असते? अनेक सदस्य तर आणीबाणीच्या तुरुंगातून आलेले.

तरी मला क्रायपाक आठवतो. स्वतःच्या नावाच्या वेळी बाहेर गेलो एवढे पुरत नाही, असे ज्या न्यायाधीशाने १९६९ मध्ये लिहिले, त्याच्याच मापाने १९७८ मोजायला हवे. प्रश्न हेगडेंच्या मनात सूड होता का, हा नाही. तो नव्हता असेच मी धरून चालतो. वाजवी नजरेला काय दिसले असते, हा आहे. ज्या पंतप्रधानांच्या सरकारने एकाचे सरन्यायाधीशपद हिरावले, त्याच माजी पंतप्रधानांच्या हक्कभंगाला संमती देणारा आणि तुरुंगवासाचा ठराव होताना अध्यक्षपदावर असणारा तोच एक माणूस. गोडे मुरहरी उपाध्यक्ष होते. या एका प्रकरणापुरते सगळे काम, संमतीपासून, हेगडेंनी त्यांच्याकडे सोपवले असते तर निकाल बहुधा तोच लागला असता, पण त्यावरची एक सावली कमी झाली असती. हे त्यांच्याबद्दलच्या आदरानेच मी म्हणतो. ज्याने माप घालून दिले त्याच्याकडून ते पाळले जाण्याची अपेक्षा आपण जास्त करतो.

७ मे १९८१ ला, पुढच्या लोकसभेने तो ठराव मागे घेतला. तेव्हा सभागृहात इंदिरा गांधींचे बहुमत होते. म्हणजे एका बहुमताने शिक्षा दिली, दुसऱ्याने पुसली. न्यायालयात असे होत नाही. तिथे फिरवायचे तर कारणे लिहावी लागतात. दोन्ही जागी बसलेल्या माणसाला हा फरक आपल्यापेक्षा जास्त जाणवला असणार.

१९७९ च्या जुलैत यशवंतराव चव्हाणांनी अविश्वास ठराव मांडला, मोरारजींचे सरकार गेले, चरणसिंगांचे आले आणि सभागृहाला सामोरे न जाताच संपले, ऑगस्टमध्ये लोकसभा विसर्जित झाली. हेगडे जानेवारी १९८० पर्यंत अध्यक्षपदावर होते. त्यानंतर काही काळ ते नव्याने स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षाचे उपाध्यक्ष होते. मग राजकारणातून हळूहळू बाजूला झाले आणि कार्कळजवळच्या निट्टे गावी, १९७९ मध्ये उभारलेल्या शिक्षणसंस्थेच्या कामात रमले. २४ मे १९९० ला त्यांचे निधन झाले. मंगळूरजवळ देरळकट्टे इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

न मिळालेल्या त्या अकरा महिन्यांचे काय झाले? फेब्रुवारी १९७८ मध्ये जनता सरकारपुढे उलटी संधी आली होती. ज्येष्ठतेने यशवंत विष्णू चंद्रचूड सरन्यायाधीश होणार होते, आणि आणीबाणीतल्या हेबियस कॉर्पस निकालात (अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, या प्रश्नावरच्या) त्यांनी सरकारच्या बाजूने मत दिले होते. त्यांना नेमू नका, असे निवेदन मुंबईतल्या काही वकिलांनीच दिले, आणि ते करणाऱ्यांचा राग समजण्यासारखा होता. सरकारने ज्येष्ठता पाळली. चंद्रचूड सात वर्षे सरन्यायाधीश राहिले. १९७७ नंतर आजवर एकाही न्यायाधीशाला डावलून सरन्यायाधीश नेमला गेलेला नाही.